फुटामागं दोन सूत

उचगाव, ता. करवीर
६ जुलै १९९७

चि. संघप्रिया हीस बाबांचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. दीक्षा चौदा महिन्यांची झाली तरी अजून उभी राहत नाही, याची तू काळजी करतेस. करू नकोस. तूही सोळाव्या महिन्यात चालायला लागलीस आणि मग अशी चाललीस की थेट भुसावळला जाऊन थांबलीस. जावईपावण्यांना तो प्लॅस्टिकचा गोल वॉकर आणायचाय म्हणतेस, तो मात्र आणू देऊ नकोस. त्यात पोर टांगून राहतं, पायावर भार येत नाही. पोराला पांगुळगाडाच पाहिजे. तीन चाकांचा, लाकडी. तो मी करणार.

हसू नकोस, तुझी आई हसून झालीय. बावीस वर्षं शिरोलीला फौंड्रीत वाळूचे साचे ठोकले, पण लाकडाला कधी रंधा लावला नव्हता हे खरं. मार्चपासून शिकलो, कुणाला न विचारता. शेजारचा कृष्णात मिस्त्री तुला ठाऊक आहेच. आम्ही ज्यांच्याभोवती वाळू ठोकायचो ते लाकडी पॅटर्न आमच्याच कारखान्यात करायचा, आता घरी असतो. तो कुंपणावरून बघतो आणि माझ्या रंध्याच्या आवाजानं त्याचे दात शिवशिवतात म्हणतो. शिकवू का म्हणून दोनदा विचारलं. मी सांगितलं, चहाला कधीही या, शिकवायला येऊ नका.

माझं पहिलं काम महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या ओळखीच्या गार्डाबरोबर पाठवतोय. डोलणारा घोडा. आईनं बघितला आणि ही म्हैस कुणाची म्हणून विचारलं. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी नीट बघितलं. पाठ रुंद, मान खाली, पोट सुटलेलं. मान्य केलं, आणि बाभळीची दोन शिंगं करून बसवली. आता म्हैस म्हणून बघ आणि एक चूक काढून दाखव.

पांगुळगाड्याचं तसं नाही. तिथं माप चुकलं तर पोर तोंडावर पडेल. कारखान्याचं पॅटर्न शॉप बंद झालं तेव्हा भंगारात एक दोनफुटी स्टीलची पट्टी मिळाली, साहेबांना विचारून घेतली. विलायती आहे, एकेक रेघ केसासारखी. तिच्यावर काम करणार. तुझ्याकडं आईची जुनी शिलाईची टेप आहे. दीक्षाला भिंतीला पाठ लावून उभी कर, काखेत पावण्यांना धरायला सांग, टाचा भिंतीला टेकव, डोक्यावर पाटी आडवी ठेवून खूण कर. मग तळपायापासून कोपरापर्यंत, आणि खांद्यांची रुंदी. सूत सूत बघून घे. इंचाला आठ सूत, विसरली असशील.

पत्राला उशीर झाला तर चालेल, मापाला नको. लोभ आहे तो वाढता ठेव.

तुझे बाबा,
अण्णासो


भुसावळ
२१ जुलै १९९७

ती. बाबा आणि आईस सविनय जयभीम, वि. वि.

म्हैस सुखरूप पोचली. यांनी स्टेशनवर पोत्यातून बाहेर काढली तर हमालानं दूध किती देते म्हणून विचारलं. दीक्षा शिंगं सोडायला तयार नाही. मी धरून बसवते. सोडलं की एका अंगाला कलते, म्हणून सोडत नाही. तुमच्या म्हशीत एकही चूक सापडली नाही असं मी सगळ्या क्वार्टर्समध्ये सांगितलंय.

मापं अशी: उंची साडेअठ्ठावीस इंच. तळपायापासून कोपरापर्यंत सोळा. खांदे साडेसात. टेप आईचीच आहे. माप घेताना पोर जराही हलली नाही, त्यामुळं बरोबर असावीत.

आईचे गुडघे कसे आहेत ते तुम्ही लिहीतच नाही. लाकडाखेरीज दुसरंही काही घरात घडत असेल तर कळवा. आहे ती माया अशीच असू द्या.

तुमची
संघप्रिया


उचगाव
३१ ऑगस्ट १९९७

चि. संघप्रियास जयभीम आणि आशीर्वाद, वि. वि.

गाडा उद्याच्या गाडीनं निघतोय. सांगतो ते वाचून मगच पोतं सोड.

सांगाडा मशिनच्या खोक्याच्या फळ्यांचा आहे. चाकं बाभळीची, कारण मऊ लाकडाचं चाक पंधरा दिवसांत चपटं होतं. हे मला कुणी सांगितलं नाही, पहिलं चाक चपटं झालं तेव्हा कळलं. दांडी शिसवीची, जुन्या पलंगाच्या पायातून काढली. पॉलिश केलेलं नाही, खोबरेल चोळलंय. पोरं दांडी चाटतात. पुढच्या चाकाला आठ खाचा पाडल्यात आणि त्यावर एक लाकडी जीभ टेकवलीय. चालताना टक टक वाजेल. आवाज होतो म्हणून काढून टाकू नकोस. आवाज आपण केला हे पोराला कळलं की ते दुसरं पाऊल टाकतं.

दांडी जमिनीपासून बरोबर पंधरा इंच. कोपर सोळावर, त्याच्या इंचभर खाली. कृष्णातनं दांडी दोन्ही हातांनी हलवून बघितली, हलली नाही. तो काही बोलला नाही. त्याच्याकडून मला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

एक शेवटचं. दांडीच्या खालच्या अंगाला मी दोन इंच जागा तासून गुळगुळीत करून ठेवलीय. दीक्षा पहिलं पाऊल टाकेल ती तारीख तिथं कोरायची. तेव्हा ज्या दिवशी टाकेल त्या दिवशी कार्ड टाक. दुसऱ्या दिवशी नको, विसरतेस.

आईचे गुडघे आहेत तसे आहेत. ते माझ्या हातात नाही. जावई धम्मपालरावांना जयभीम. लोभ ठेवतेसच, तारीखही ठेव.

बाबा


भुसावळ
१९ ऑक्टोबर १९९७

ती. बाबांस सविनय जयभीम, वि. वि.

तुमची दोन्ही कार्डं मिळाली. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. यांची ड्युटी बदलली, दीक्षाला सर्दी झाली, दोनदा जळगावला जाऊन आलो.

गाडा चौदा ऑक्टोबरच्या कार्यक्रमाला आलेल्या सगळ्यांनी बघितला. एका मास्तरांनी तर उलटा करून बघितला आणि हा बाजारातला नाही म्हणाले. मी म्हटलं, कोल्हापूरचा आहे.

तारीख विचारलीत. अजून नाही. दांडी धरते. मी काखेत हात घालून उभी करते, पण टाचा टेकत नाहीत, चवड्यांवरच राहते. मला वाटतं दांडी जरा उंच होत असावी. अगदी थोडी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चाकाचा आवाज तिला फार आवडतो.

आईला सांगा, पाठवलेली चटणी संपली. तुमची माया मात्र संपू देऊ नका.

संघप्रिया


उचगाव
१६ नोव्हेंबर १९९७

चि. संघप्रियास जयभीम, वि. वि.

दोष सापडला. आधी एवढंच वाच, दीक्षाचा एक मुका घे आणि मग पुढचं वाच.

दांडी उंच होते असं तू लिहिलंस तेव्हा मला राग आला होता, लपवत नाही. पोरीला टेप धरता येत नाही असं मी आईला म्हणालो. गेल्या रविवारी कोनाड्यात फळी बसवायला घेतली. माप आईनं तिच्या टेपनं घेऊन भिंतीवर लिहिलं होतं, छत्तीस इंच. मी छत्तीस कापली. बसेना. सहा सूत जादा. दुसरी कापली, तीही सहा सूत जादा. चूक एकदा होते. तीच चूक, तेवढीच, दोनदा होत नाही. तिची टेप धुण्यात आटली असं मी आईला सांगितलं, तर टेप म्हणजे काय लुगडं आहे का म्हणून तिनं मलाच झापलं. शेवटी टेप आणि पट्टी घेऊन कृष्णातकडं गेलो. त्यानं पट्टी उलटी केली, चष्मा वर सारला आणि इतका हसला की तोंडातली बिडी पायावर पडली.

ती पट्टी साधी नाही. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून लाकडी पॅटर्न मुळातच मोठा करावा लागतो. दर वेळी वाढीव माप काढत बसायला नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच लांब आखलेली असते. फुटामागं दोन सूत. तसं मागं कोरलेलंही होतं, झिजलं होतं, मी कंपनीचा शिक्का समजलो. बावीस वर्षं त्या पॅटर्नवर वाळू ठोकली, ते मोठे असतात हे मला ठाऊक. पण पट्टीच लांब असते हे मी कधी विचारलं नाही. त्याला पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. हे मी फक्त तुला लिहितोय, आईला दाखवू नकोस म्हणजे झालं.

म्हणजे तुझी टेप बरोबर आणि तुझा डोळाही बरोबर. दांडी पंधरा नाही, पंधरा इंच अडीच सूत आहे. अडीच सूत तुला-मला काही नाही, पण साडेअठ्ठावीस इंचाच्या माणसाला ते फार आहे. म्हणूनच टाचा उचलत होत्या. माझ्यामुळं पोरगी दोन महिने चवड्यांवर राहिली. माझ्या वतीनं तिची माफी माग.

नवी दांडी आणि नवे खांब तयार आहेत, कृष्णातच्या साध्या पट्टीनं, त्याच्यासमोर मापून. मी स्वतः घेऊन येतो. वीस डिसेंबरपासून सहा दिवस रजा टाकलीय, आईही येतेय. तोवर गाडा पलंगाखाली ठेव. चुकीच्या दांडीची सवय लागायला नको. पहिलं पाऊल माझ्यासमोर पडेल असं दिसतंय.

आनंदात आहे. तूही राहा, आणि लोभात काटछाट करू नकोस.

बाबा


भुसावळ
२७ नोव्हेंबर १९९७

ती. बाबांस सविनय जयभीम.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. दोनदा बूथवर जाऊन तुमच्या शेजारच्या चिमणाबाईंच्या घरचा नंबर फिरवला, आणि तिकडून कुणी उचलायच्या आत ठेवून दिला.

दांडी उंच नव्हती, बाबा. अडीच सुतानं काही बिघडलं नव्हतं. तुम्ही तारीख विचारत होता, काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून मी दांडीवर ढकललं. चौथं शील मोडलं, आणि तेही तुमच्या कामाबद्दल खोटं लिहून.

जुलैची मापंही उभी करून घेतलेली नाहीत. उभी करायला गेलं की तिचं अंग ताठ व्हायचं आणि पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. ती झोपली होती तेव्हा पलंगावरच टेप लावली. म्हणून हलली नाही.

जळगावला सर्दीसाठी गेलो नव्हतो. जन्मली तेव्हा ती बराच वेळ रडली नव्हती, तुम्हाला आठवत असेल, आई तळपाय चोळत होती. तेवढ्या वेळात मेंदूला इजा झाली असं डॉक्टर म्हणतात. पायांत दोष नाही, पायांना मिळणारा हुकूम चुकतो. चालेल का विचारलं तर हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. आधी नुसतं बसता आलं पाहिजे म्हणतात. त्यासाठी एक कोपऱ्याची खुर्ची सांगितलीय. चित्र काढून दिलंय. ते सप्टेंबरपासून माझ्या पेटीत आहे. तुम्ही गाड्यात इतके रमला होतात की पाठवायचा धीर झाला नाही.

गाड्याचं खरं सांगते. आम्ही तो आडवा ठेवतो. ती पोटावर पडून पुढचं चाक हातानं फिरवते. टक टक वाजलं की माझ्याकडं बघते. एवढंच खेळते, पण रोज खेळते.

नवी दांडी आणू नका. तुम्ही या. माझ्यावर रागवायचं तर समोर येऊन रागवा, पण लोभ तोडू नका.

संघप्रिया


उचगाव
९ डिसेंबर १९९७

चि. संघप्रियाला आईचा जयभीम.

पत्र चिमणाबाईची तेजस्वी लिवती हाय. मी बोलीन तसंच लिव म्हणून सांगितलंय.

तुजं पत्र ह्यांच्या हातात पडलं. वाचून घडी घातली आन खिशात ठिवली. मला काय सांगितलं न्हाय. आंघोळीला गेल्यालं बघून मी तेजस्वीकडनं वाचून घेतलं. पोरी, येवढं तीन महिनं येकटीनं पोटात ठिवलंस व्हय गं.

ह्ये दोन दिस कामाला गेलं न्हाईत. घरात जे हाय ते मोजत बसल्यात. उंबरा मोजला, पाट मोजला, माजी टाच मोजली. मला भुईवर आडवं पाडून मोजलं, मग भितीला उभं करून मोजलं. मी म्हटलं, मेल्यावर मोजायचं असतंय, तरी हसलं न्हाईत. कृष्णातदाजी चहाला आल्तं. त्येंच्यासमोर ह्यांचा चहा गार झाला. रजा घेतल्याली परत दिऊन आलं. रिकाम्या हातानं पोरीच्या दारात जायचं न्हाय, येवढंच बोललं.

ठरिवलं की करतोय असला माणूस हाय तुजा बाप. पर ह्यात करायचं काय ती त्यास्नी कळंना, आन मलाबी. तू डाक्टरचं ती चित्र लावून दे. हाताला काम न्हाय घावलं तर ह्यो माणूस घर मोजून मोजून खुळा हुईल.

दीक्षाचं पाय एरंडेलानं चोळत जा. बरं हुतंय न हुतंय, ऊब तर लागंल. तिला माजा मुका. तूबी येळेवर जेव.

आई, सरुबाई
(लिहिणार तेजस्वीचा जयभीम, ताई.)


उचगाव
२९ डिसेंबर १९९७

चि. संघप्रियास जयभीम, वि. वि.

चित्र मिळालं.

रागावलो नाही. रागवायचं तर कुणावर, ते सापडत नाही. पट्टीत दोष होता तो सापडला, तसा इथंही सापडेल म्हणून पंधरा दिवस शोधला. दीक्षा जन्मली त्या सकाळी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून होतो. आतून रडू ऐकू येईना, तर शेजारी बसलेल्यांना मी म्हणालो की आमची नात गुणी आहे, गोंगाट करत नाही. पेढे वाटतानाही तेच सांगत फिरलो. तेव्हा कुणाला हाक मारायला हवी होती का, डॉक्टरला ओढून आणायला हवं होतं का, मला कळत नाही. कळून आता काही उपयोग नाही हे कळतं.

एक गोष्ट मोजून बघितली. माणूस आडवा झाला की लांब होतो. तुझी आई उभी चार फूट दहा इंच, आडवी तीन सूत जादा. म्हणजे तू दिलेलं माप जादा, त्यावर माझी पट्टी जादा. आपण दोघांनी दोन्हीकडून माप वाढवलं, आणि पोर त्यात उभी राहत नाही म्हणून वाट बघत बसलो.

आता आकडे पाठवू नकोस. सुतळी पाठव. दीक्षा जशी असते तशी, वाकडी तर वाकडी, ताठ तर ताठ, तिच्या अंगाला सुतळी लाव आणि तिथंच काप. एका मापाला एक सुतळी, टोकाला चिठ्ठी. बसल्यावर पाठ, मांडी, गुडघ्याखालचा पाय, कमरेची रुंदी, आणि पाय एकमेकांपासून दूर धरलेस तर मधे जेवढं अंतर राहतं तेवढं.

कृष्णातला विचारलं. पहिल्यांदाच विचारलं. तो आता रोज येतो. हसत नाही.

सुतळी पाठव. लोभाचं काय लिहायचं, तो आहे.

बाबा


उचगाव
१५ फेब्रुवारी १९९८

चि. संघप्रियास जयभीम आणि आशीर्वाद, वि. वि.

सुतळ्या पाचही मिळाल्या. मांडीच्या सुतळीला बिस्किटाचा चिकट हात लागलाय. ती तशीच ठेवलीय, धुतली नाही.

खुर्ची घेऊन आई येतेय, शनिवारच्या गाडीनं. पाठीला दोन फळ्या एकमेकींना काटकोनात जोडल्यात, म्हणजे पोर कोपऱ्यात बसल्यासारखी बसेल आणि खांदे पुढं येतील. मांड्यांच्या मधे गोल ठोकळा, वर गोधडीची घडी शिवलीय. बैठकीत ढील एकाही सुताची नाही. मग कृष्णात म्हणाला की पोर वाढणार, जागा ठेवा. हे मला सुचलं नव्हतं. बैठक पुढं सरकेल अशी केलीय, दोन खुंट्या काढल्या की दोन इंच मिळतात.

समोर पाट आहे. त्यावर आठ खाचांचं तसलंच चाक बसवलंय, जिभेसकट. ते कुठं जात नाही. फिरवलं की वाजतं, एवढंच.

मी आत्ता येत नाही. रजा मिळते आहे, तरी येत नाही. आलो तर तिच्या पायांकडंच बघत बसेन आणि ते तिला कळेल. पोराला फार लवकर कळतं. आधी खुर्ची बघा. तिच्यात दोष निघाला तर तो मला दुरुस्त करता येईल. दुसरं काही मला येत नाही, हे या सहा महिन्यांत समजलं.

गाडा माळ्यावर ठेव. कुणी मागितला तरी देऊ नकोस, आणि का ते मला विचारू नकोस.

बसली किंवा नाही बसली, दोन ओळी लिही. तारीख नको.

बाबा


भुसावळ

ती. बाबांस जयभीम.

तारीख नको म्हणालात, म्हणून या कार्डावरही घातलेली नाही.

बसली. आईनं हात सोडला, मीही सोडला. तिनं आधी पाट चाटला, मग चाक फिरवलं, मग आमच्याकडं बघितलं. थोड्या वेळानं डावीकडं कलली. मी धरायला धावले, पण मी पोचायच्या आधी खुर्चीनंच धरलं होतं.

डॉक्टर अजूनही हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत.

किती वेळ बसली ते मी मोजलं नाही. मला मापं घेता येत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते तुम्ही येऊन मोजा.

संघप्रिया